निलंबन की नावच रद्द? डॉ. बावा-गार्बा प्रकरणाचा अभ्यास

जून 2017 ते ऑगस्ट 2018 या चौदा महिन्यांत ब्रिटनमधल्या एका बालरोग डॉक्टरबद्दल लागोपाठ तीन निकाल लागले. पहिल्या निकालाने त्यांना वर्षभरासाठी निलंबित केलं. दुसऱ्याने त्यांचं नाव डॉक्टरांच्या रजिस्टरवरून काढून टाकलं. तिसऱ्याने दुसरा रद्द करून पहिला पुन्हा जागेवर आणला. या काळात प्रकरणातली एकही वस्तुस्थिती बदलली नव्हती. नवा साक्षीदार आला नाही, नवा कागद सापडला नाही. वाद होता तो एवढाच: डॉक्टरच्या चुकीने रोगी दगावला आणि फौजदारी कोर्टाने डॉक्टरला दोषी धरलं, तर परवाना देणाऱ्या कौन्सिलने त्यानंतर नेमकं काय ठरवायचं असतं?

डॉ. हदिझा बावा-गार्बा यांचं हे प्रकरण मी निवडलं, कारण कौन्सिलची कारवाई आपल्यापर्यंत येते ती ‘डॉक्टरचं रजिस्ट्रेशन रद्द’ अशा दोन ओळींच्या बातमीतून. आतला विचार दिसत नाही. इथे तिन्ही निकाल सकारण आहेत, ते शेजारी शेजारी ठेवून वाचता येतात. प्लॅब ही परदेशी डॉक्टरांसाठीची ब्रिटिश परीक्षा देऊन तिकडे गेलेले मराठी डॉक्टर याच कौन्सिलच्या नोंदणीवर काम करतात, तेव्हा प्रकरण वाटतं तितकं परकंही नाही.

आधी तो दिवस.

शुक्रवार, 18 फेब्रुवारी 2011. लेस्टर रॉयल इन्फर्मरी या मोठ्या सरकारी रुग्णालयातलं मुलांचं तपासणी युनिट. फॅमिली डॉक्टरने पाठवलेली मुलं आधी इथे येतात, तपासली जातात, मग वॉर्डात किंवा घरी जातात. सकाळी साडेदहाच्या सुमारास सहा वर्षांचा एक मुलगा आला. त्याला डाउन सिंड्रोम होता, तान्हा असताना हृदयाची शस्त्रक्रिया झालेली होती आणि त्यासाठी एनालाप्रिल हे औषध रोज चालू होतं. उलट्या, जुलाब, धाप, आणि मूल मलूल.

त्या दिवशी युनिट सांभाळत होत्या डॉ. बावा-गार्बा. प्रशिक्षणाच्या सहाव्या वर्षातल्या रजिस्ट्रार, चौदा महिन्यांच्या बाळंतपणाच्या रजेवरून नुकत्याच परतलेल्या. दुसरे रजिस्ट्रार कामावर नव्हते. ज्यांच्या नावावर दिवसभराचे रुग्ण होते ते कन्सल्टंट, म्हणजे वरिष्ठ तज्ज्ञ, शहराबाहेर शिकवायला गेले होते. संगणक यंत्रणा बंद पडलेली, त्यामुळे रक्ताचे रिपोर्ट पडद्यावर येत नव्हते. ते फोन करून मागवायचे, आणि त्या कामाला एक कनिष्ठ डॉक्टर अडकलेला. बारा तासांहून लांब पाळी, मध्ये जेवणाची सुट्टी नाही.

मुलाच्या रक्ताची पहिली तपासणी काही मिनिटांत हाती आली, कारण ती युनिटमधल्याच यंत्रावर होते. पीएच (रक्तातल्या आम्लतेचं माप) 7.08, लॅक्टेट (शरीराला प्राणवायू कमी पडला की रक्तात वाढणारा घटक) 11. निरोगी माणसाचा पीएच 7.35 ते 7.45 असतो आणि लॅक्टेट 2 च्या आत. हे आकडे कुठल्याही बालरोगतज्ज्ञाला उभं करतील असे आहेत. डॉक्टरांनी गॅस्ट्रो आणि पाणी कमी झाल्याचं निदान केलं, सलाईन सुरू केलं, छातीचा एक्सरे सांगितला, रक्त लॅबला पाठवलं. सलाईननंतर आकडे थोडे सुधारले, मूलही जरा तरतरीत दिसलं. त्या सुधारणेनेच घात केला असं मला वाटतं. ‘गॅस्ट्रो आहे, पाणी दिलं, बरं वाटतंय’ हे चित्र जुळलं, आणि जुळलेलं चित्र कुणी लवकर मोडत नाही.

एक्सरे साडेबाराच्या सुमारास तयार होता. डॉक्टरांनी तो पाहिला तीन वाजता. त्यात न्यूमोनिया होता. लगेच अँटिबायोटिक लिहिलं, पण ते मुलाला मिळायला चार वाजले. लॅबचे रिपोर्ट सव्वाचारच्या पुढे आले. साडेचारला कन्सल्टंट परतले. रुग्णांचा आढावा देताना डॉ. बावा-गार्बा यांनी पीएच आणि लॅक्टेटचे आकडे त्यांना सांगितले, त्यांनी ते आपल्या वहीत टिपूनही घेतले. मुलाला मात्र त्यांनी पाहिलं नाही, आणि ‘सर, तुम्ही एकदा बघा’ असं डॉक्टरांनीही म्हटलं नाही. न्यायालयांच्या निकालपत्रांत हा प्रसंग येतो आणि दर वेळी तो वाचताना थांबायला होतं. दोन डॉक्टर, मध्ये एक वही, आणि वहीत जीवघेणा आकडा.

संध्याकाळी सातच्या सुमारास मुलाला वॉर्डात हलवलं. एनालाप्रिल रक्तदाब उतरवतं, म्हणून डॉक्टरांनी ते मुद्दाम लिहून दिलं नव्हतं. पण ‘हे देऊ नका’ असंही कुठे लिहिलं नाही किंवा आईला सांगितलं नाही. नेहमीची वेळ झाली, औषध दिलं गेलं. तासाभरात मूल कोसळलं. धावत आलेल्या डॉक्टरांत बावा-गार्बाही होत्या. त्याच जागी आधी असलेल्या दुसऱ्या एका मुलाच्या बाबतीत ‘पुनरुज्जीवन करू नये’ असा आदेश होता. त्यांची गल्लत झाली, त्यांनी प्रयत्न थांबवायला सांगितलं. दोनेक मिनिटांच्या आत चूक लक्षात आली आणि प्रयत्न पुन्हा सुरू झाले. या खंडामुळे मूल दगावलं नाही, तोवर उशीर झालेला होता, हे पुढे सगळ्यांनी मान्य केलं. रात्री सव्वानऊ-साडेनऊच्या दरम्यान मूल गेलं. न्यूमोनियातून सेप्सिस, म्हणजे जंतुसंसर्गाने सगळ्या शरीराचं कामच कोलमडणं. जंतू स्ट्रेप्टोकोकस, वेळेत अँटिबायोटिक मिळालं तर बहुधा आटोक्यात येणारा.

फौजदारी खटला

सरकारी वकिलांच्या खात्याने आधी खटला भरायचा नाही असं ठरवलं होतं. पुढे ते मत बदललं आणि 2014 च्या डिसेंबरात आरोप ठेवले गेले: गंभीर निष्काळजीपणाने मनुष्यवध. डॉक्टर, त्या दिवशीची एक परिचारिका आणि एक वॉर्ड सिस्टर अशा तिघींवर. नॉटिंगहॅमच्या क्राउन कोर्टात ज्यूरीने 4 नोव्हेंबर 2015 रोजी दहा विरुद्ध दोन मतांनी डॉ. बावा-गार्बा यांना दोषी ठरवलं. परिचारिकाही दोषी ठरली, सिस्टर सुटली. डिसेंबरात शिक्षा झाली: दोन वर्षं कैद, पण स्थगित. म्हणजे प्रत्यक्ष तुरुंगात जाणं नाही. परिचारिकेचं नाव तिच्या नर्सिंग कौन्सिलने पुढच्या वर्षी कायमचं काढलं. डॉक्टरांनी दोषसिद्धीविरुद्ध अपिलाची परवानगी मागितली, ती 2016 च्या डिसेंबरात नाकारली गेली.

ज्यूरीपुढचा प्रश्न अरुंद असतो, हे इथेच लक्षात ठेवायला हवं. या डॉक्टरने त्या दिवशी केलेला निष्काळजीपणा गुन्हा म्हणण्याइतका वाईट होता का, आणि त्यामुळे मृत्यू ओढवला का? रुग्णालयाची यंत्रणा कशी चालली होती, कन्सल्टंट कुठे होते, संगणक का बंद होता, हे सगळं ज्यूरीने पार्श्वभूमी म्हणून ऐकलं, पण त्यावर निकाल द्यायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. ही डॉक्टर 2017 साली रुग्ण तपासायला लायक आहे का, हा प्रश्न तर तिच्यापुढे नव्हताच.

कौन्सिलचं दार

ब्रिटनमधली जनरल मेडिकल काउन्सिल डॉक्टरांचं रजिस्टर ठेवते, तक्रारी घेते, चौकशी करते. प्राथमिक चौकशीनंतर दोन तपासनीस, एक डॉक्टर आणि एक सामान्य नागरिक, मिळून ठरवतात की प्रकरण पुढे पाठवायचं की नाही. पाठवलं तर ते जातं मँचेस्टरच्या एका न्यायाधिकरणापुढे. तिथे तीन सदस्य, त्यांत किमान एक डॉक्टर आणि किमान एक बिगरडॉक्टर. हे न्यायाधिकरण 2012 साली वेगळं काढलं गेलं, कारण आरोप ठेवणारा आणि न्याय देणारा एकच नको असा आग्रह शिपमन प्रकरणापासून वाढला होता. हॅरॉल्ड शिपमन हा फॅमिली डॉक्टर. त्याने शेकडो रुग्ण मारले, आणि त्याच्या कितीतरी आधी, 1976 मध्ये, खोट्या चिठ्ठ्या लिहून पेथिडिन हे व्यसन लावणारं वेदनाशामक मिळवल्याबद्दल त्याला शिक्षा झालेली असूनही कौन्सिलने त्याला नुसत्या ताकिदीवर सोडलं होतं. त्या जखमेची आठवण आजही कौन्सिलच्या प्रत्येक कडक निर्णयामागे असते.

वेगळं काढलं म्हणजे पूर्ण तुटलं असं मात्र नाही. न्यायाधिकरण कायद्याने कौन्सिलचाच भाग आहे आणि त्याचा खर्चही कौन्सिलच करते. पुढची गुंतागुंत इथूनच सुरू होते.

सुनावणी तीन पायऱ्यांनी चालते. आधी वस्तुस्थिती: आरोपातलं काय सिद्ध झालं? त्यासाठी फौजदारी कोर्टासारखा निःसंशय पुरावा लागत नाही. दिवाणी दाव्यासारखं ‘हे घडलं असण्याची शक्यता जास्त’ एवढं पुरतं. कोर्टाने दोषी ठरवलेलं असेल तर ही पायरी जवळजवळ संपलेलीच असते, निकालाचा दाखला दिला की विषय मिटला. दुसरी पायरी: डॉक्टरची काम करण्याची पात्रता आज कमी झालेली आहे का? ‘आज’ हा शब्द महत्त्वाचा. चूक सुधारण्यासारखी आहे का, सुधारली आहे का, पुन्हा होण्याची शक्यता कितपत, हे इथे पाहिलं जातं. तिसरी पायरी: पात्रता कमी झाली असेल तर उपाय काय? काहीच न करण्यापासून अटी, बारा महिन्यांपर्यंत निलंबन आणि शेवटी रजिस्टरवरून नाव काढणं, अशी चढती भाजणी. नाव काढलं की पाच वर्षं परत अर्जही करता येत नाही. कोणता उपाय कधी लावायचा याची लेखी मार्गदर्शिका आहे, आणि न्यायाधिकरण तिच्यापासून दूर गेलं तर का गेलं हे त्याला लिहावं लागतं.

इथे हेतू तीन: लोकांचं आरोग्य आणि सुरक्षा जपणं, व्यवसायावरचा लोकांचा विश्वास टिकवणं, व्यवसायाचे मापदंड राखणं. शिक्षा हा हेतू यादीत नाही. निलंबित झालेल्या डॉक्टरला शिक्षा झाल्यासारखं वाटणारच, पण निर्णय देणाऱ्याने त्या मापाने मोजायचं नसतं.

डॉ. बावा-गार्बा यांचं प्रकरण 2017 मध्ये इथे आलं. न्यायाधिकरणाने पाहिलं की घटनेनंतर दोषी ठरेपर्यंतच्या काळात त्यांनी काम केलं होतं आणि त्यात खोट नव्हती. वरिष्ठांनी त्यांना चांगल्या प्रशिक्षणार्थींत गणलं होतं. सेप्सिस ओळखण्याबाबत त्यांनी स्वतःला घडवलं होतं. पुन्हा असं होण्याची शक्यता कमी. रुग्णालयाच्या स्वतःच्या चौकशीतही त्या दिवशीच्या यंत्रणेतल्या अनेक उणिवा नोंदल्या गेल्या होत्या. तरीही, एक मूल गेलं आहे आणि मनुष्यवधाची दोषसिद्धी आहे, तेव्हा लोकांच्या विश्वासासाठी पात्रता कमी झाली असंच म्हणावं लागेल, असं त्यांनी ठरवलं. उपाय? 13 जून 2017 रोजी बारा महिन्यांचं निलंबन, म्हणजे निलंबनाची कमाल मुदत. सगळी परिस्थिती माहीत असलेला समंजस नागरिक एवढ्यावर समाधान मानेल, नाव कायमचं काढणं प्रमाणाबाहेर होईल, असा त्यांचा युक्तिवाद.

आपल्याच हाताविरुद्ध अपील

कौन्सिलला हे पटलं नाही. 2015 च्या अखेरीस लागू झालेल्या एका दुरुस्तीने, वैद्यकीय कायद्याच्या कलम 40ए ने, तिला न्यायाधिकरणाच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात जाण्याचा अधिकार दिला होता. त्याआधी असं अपील करू शकत होती ती फक्त सगळ्या आरोग्य-कौन्सिलांवर लक्ष ठेवणारी एक स्वतंत्र संस्था, प्रोफेशनल स्टँडर्ड्स अथॉरिटी. आता नवा अधिकार हाती होता, तो कौन्सिलने इथे वापरला. डॉक्टर आधीच अपील करू शकत होते. आता आरोप ठेवणारी बाजूही करू शकत होती.

25 जानेवारी 2018 रोजी उच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या खंडपीठाने कौन्सिलचं म्हणणं मान्य केलं आणि नाव रद्द केलं. त्यांचा युक्तिवाद उडवून लावण्यासारखा नाही, तो नीट समजून घ्यावा. ज्यूरीने ‘हा निष्काळजीपणा गुन्हा ठरण्याइतका गंभीर आहे’ असं म्हटलं. हे म्हणताना तिच्यासमोर इतरांच्या चुका, संगणक, कामाचा ताण, सगळं होतं, आणि ते ऐकूनही तिने दोषी ठरवलं. आता न्यायाधिकरण त्याच गोष्टी पुन्हा बाहेर काढून ‘म्हणून दोष एवढा मोठा नाही’ म्हणत असेल, तर ते मागच्या दाराने ज्यूरीचा निकाल सौम्य करतंय. तसं करायला त्याला अधिकार नाही.

यात तथ्य आहे. एकाच घटनेची दोन ठिकाणी दोन वजनं झाली तर कायद्याला अर्थ काय राहिला? मृत मुलाच्या आईवडिलांच्या बाजूने पाहिलं तर हे अधिकच टोचतं. कोर्टाने मनुष्यवध म्हटलं आणि डॉक्टरांच्या न्यायाधिकरणाने ‘वर्षाने या परत’ म्हटलं, असंच कुणालाही दिसेल. कुटुंबाने नाव रद्द होण्याचीच मागणी धरली होती.

पण डॉक्टरमंडळींत वणवा पेटला. तोवरचे फौजदारी खटले, कौन्सिलच्या सुनावण्या आपापल्या कोपऱ्यात चालत. इथे प्रत्येक रेसिडेंट डॉक्टरला त्या दिवशीची पाळी आपली वाटली. रजिस्ट्रार कमी, कन्सल्टंट बाहेर, सिस्टम डाउन. कोणत्या सरकारी रुग्णालयात हे चित्र दिसत नाही? अपिलासाठी लोकवर्गणी सुरू झाली आणि साडेतीन लाख पौंडांहून जास्त रक्कम जमली. आरोग्यमंत्री जेरेमी हंट यांनीच जाहीर आश्चर्य व्यक्त केलं आणि फेब्रुवारीत एक आढावा समिती नेमली.

या गदारोळात एक समज पसरला, तो दुरुस्त करावा लागेल. डॉक्टरांनी शिकण्यासाठी ई-पोर्टफोलिओत लिहिलेली आत्मपरीक्षणाची टिपणं खटल्यात त्यांच्याविरुद्ध वापरली गेली, म्हणून आता कुणीही प्रामाणिकपणे काही लिहू नये, असं घरोघरी बोललं जाऊ लागलं. त्यांचा बचाव पाहणाऱ्या संस्थेने स्पष्ट केलं की ती टिपणं ज्यूरीसमोर पुरावा म्हणून मांडलेली नव्हती. भीती मात्र खरी होती. चूक लिहून ठेवली तर ती उद्या आपल्यावरच येईल, असं वाटणारा डॉक्टर काहीच लिहीत नाही, आणि मग पुढच्या पाळीतल्या डॉक्टरला ती चूक नव्याने करावी लागते.

वंशाचा मुद्दाही उघड बोलला गेला. डॉ. बावा-गार्बा कृष्णवर्णीय आहेत. ब्रिटनमधल्या भारतीय वंशाच्या डॉक्टरांची संघटना, बापिओ, पुढच्या अपिलात हस्तक्षेप करणाऱ्यांत होती. ब्रिटिश मेडिकल असोसिएशन आणि ती देखरेख संस्थाही होती. कौन्सिलनेच नंतर नेमलेल्या अभ्यासाचा अहवाल जून 2019 मध्ये आला. गोरेतर डॉक्टरांविरुद्ध मालक-रुग्णालयं कौन्सिलकडे तक्रार करतात ते प्रमाण गोऱ्या डॉक्टरांच्या दुप्पट, असं त्यात निघालं. म्हणजे कौन्सिलच्या आतली प्रक्रिया कितीही काटेकोर असली, तरी तिच्या दारापर्यंत कोण पोचतो हे बाहेरच ठरलेलं असतं.

तिसरा निकाल

13 ऑगस्ट 2018 रोजी अपील न्यायालयाने, ज्यात मास्टर ऑफ द रोल्स आणि लॉर्ड चीफ जस्टिस असे दोन सर्वांत वरिष्ठ न्यायाधीश बसले होते, एकमताने न्यायाधिकरणाचा निकाल पुन्हा कायम केला. त्यांच्या म्हणण्याचा गाभा असा: ज्यूरी आणि न्यायाधिकरण यांची कामं वेगवेगळी आहेत, त्यांच्यासमोरचे प्रश्न वेगळे, पुरावाही पुष्कळसा वेगळा. ज्यूरीचा निकाल मान्य करणं एक, आणि त्या निकालातून उपाय आपोआप ठरतो असं मानणं दुसरं. मनुष्यवधाची दोषसिद्धी म्हणजे नाव रद्दच, असा कोणताही नियम नाही, गृहीतकही नाही. यंत्रणेतल्या चुका न्यायाधिकरणाने पाहिल्या त्या ज्यूरीला खोडण्यासाठी नव्हे. ही डॉक्टर पुढे कशी वागेल याचा अंदाज बांधताना ते आवश्यकच होतं. आणि न्यायाधिकरणाने केलं ते मूल्यमापन आहे. त्या विषयातल्या जाणकारांनी अनेक गोष्टी तोलून काढलेला निष्कर्ष वरच्या कोर्टाला स्वतःला वेगळा वाटला म्हणून बदलता येत नाही. त्यात तत्त्वाची चूक हवी, किंवा निष्कर्ष कुठल्याही समंजस मर्यादेबाहेरचा हवा.

मला हा निकाल बरोबर वाटतो, आणि त्याचं कारण डॉक्टरांबद्दलची सहानुभूती नाही. उच्च न्यायालयाने ‘लोकांचा विश्वास’ या मापाला असं वापरलं की ते माप कोर्टाच्या निकालाची सावली होऊन बसलं. कोर्टाने गंभीर म्हटलं, म्हणजे विश्वास गेला, म्हणजे नाव गेलं. असं असेल तर न्यायाधिकरणाची गरजच नाही; निकालाचा दाखला घेऊन एखाद्या कारकुनाने नाव खोडावं. शिवाय लोक म्हणजे कोण? कुटुंबाच्या बाजूने संतापलेले लोक होते आणि वर्गणी देणारे हजारोही लोकच होते. म्हणूनच न्यायाधिकरणं एका काल्पनिक नागरिकाचा आधार घेतात: समंजस, आणि सगळी माहिती असलेला. ‘सगळी माहिती’ या दोन शब्दांतच या प्रकरणाचा निकाल दडलेला होता. मथळा वाचलेल्या माणसाला नाव रद्द होणं योग्य वाटेल. साडेचार वाजताच्या त्या वहीपर्यंत आलेला माणूस थबकेल.

मग डॉ. बावा-गार्बा लगेच परतल्या का? नाही. इथेही यंत्रणेचं एक अंग दिसतं, ज्याकडे बातम्यांचं लक्ष नसतं. निलंबनाची मुदत संपली की डॉक्टर आपोआप कामावर येत नाही. पुन्हा आढावा होतो. काही वर्षं हात कामावेगळे राहिल्याने कौशल्य गंजतं, आणि वाद ज्या चुकीचा होता तिच्याइतकंच आता हे गंजणं मोजावं लागतं. डिसेंबर 2018 मध्ये निलंबन आणखी सहा महिने वाढलं. एप्रिल 2019 च्या सुनावणीत न्यायाधिकरणाने त्यांना देखरेखीच्या अटींवर कामावर परतायला परवानगी दिली.

आढावा समितीने, सर नॉर्मन विल्यम्स यांच्या अध्यक्षतेखाली, जून 2018 मध्येच अहवाल दिला होता. कौन्सिलचा तो अपिलाचा अधिकार काढून घ्यावा आणि डॉक्टरांची आत्मपरीक्षणाची टिपणं मागण्याचा अधिकारही तिला नसावा, या त्यातल्या ठळक शिफारशी. सरकारने त्या स्वीकारल्या. कायदा बदलणं मात्र रेंगाळलं, आणि त्यानंतरही काही वर्षं कौन्सिल तोच अधिकार वापरून अपिलं करत राहिली.

आपल्याकडचा नकाशा

महाराष्ट्रात डॉक्टरांविरुद्धच्या तक्रारी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे जातात, 1965 च्या राज्य कायद्याखाली. आचारसंहिता 2002 च्या नियमांची. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2023 मध्ये आणलेले नवे नियम लगेचच स्थगित झाले. त्या 2002 च्या नियमांत तक्रारीचा निकाल सहा महिन्यांत लावावा असं लिहिलं आहे, आणि दोषी डॉक्टरला ‘योग्य वाटेल ती’ शिक्षा द्यावी किंवा नाव कायमचं अथवा काही मुदतीसाठी काढावं असंही. कोणत्या चुकीला कोणता उपाय, याची ब्रिटनसारखी तपशीलवार मार्गदर्शिका त्यांत नाही. चौकशी करणारी आणि निकाल देणारी संस्था एकच. तीन पायऱ्या वेगळ्या करून, प्रत्येकीवर सकारण लिहायचं बंधनही नाही. त्यामुळे ‘तेव्हा चूक झाली का’ आणि ‘आज हा डॉक्टर सुरक्षित आहे का’ हे दोन प्रश्न आपल्या आदेशांत सर्रास एकमेकांत मिसळतात.

फौजदारी बाजूला आपण ब्रिटनपेक्षा सावध आहोत. सर्वोच्च न्यायालयाने 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालात सांगितलं की डॉक्टरवर निष्काळजीपणाचा गुन्हा लावायचा तर तो ढोबळ दर्जाचा हवा, आणि पोलिसांनी आधी स्वतंत्र, जाणकार डॉक्टरचं मत घ्यावं. भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 मध्ये इतरांना पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, नोंदणीकृत डॉक्टरने उपचार करताना घडलेल्या मृत्यूला दोन वर्षांपर्यंत. म्हणजे फौजदारी दार अरुंद. मग कौन्सिलचं दार तरी नीट उघडं असायला हवं.

ते उघडं आहे, पण एका बाजूने. जुन्या नियमांनुसार राज्य कौन्सिलच्या निकालाने नाराज असलेल्या कुणालाही, म्हणजे रुग्णाच्या नातेवाइकालाही, साठ दिवसांत मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाकडे अपील करता येत होतं. 2019 च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम 30 मध्ये अपिलाचा हक्क लिहिला आहे तो डॉक्टरला. तक्रारदाराचा उल्लेख तिथे नाही. राज्य कौन्सिलने डॉक्टरला निर्दोष सोडलं तर नातेवाइकाला उरतो तो रिटचा रस्ता, उच्च न्यायालयाचा, वकिलाच्या फीसकट.

ब्रिटनमध्येही कुटुंबाला स्वतः अपील करता येत नाही, हे इथे नमूद करायला हवं. पण तिथे कौन्सिलच्या बाहेर बसलेली ती देखरेख संस्था आहे. निकाल फार सौम्य वाटला तर ती प्रकरण कोर्टात नेऊ शकते, आणि विल्यम्स समितीने कौन्सिलचा अधिकार काढायला सांगितला तोही या संस्थेचा अधिकार शाबूत ठेवूनच. आपल्याकडे कलम 30 दुरुस्त करून तक्रारदाराला अपील परत द्यावं ही मागणी रुग्णांच्या बाजूने होतेच आहे आणि ती रास्त आहे. तिच्या जोडीला मी अशी तिऱ्हाईत संस्था मागेन: जिच्यावर डॉक्टरांच्या निवडणुकीतून आलेले सदस्य नसतील, आणि जी प्रत्येक राज्य कौन्सिलचे आदेश वाचून, कारणं लिहिली आहेत की नाहीत एवढं तरी दरवर्षी जाहीर करेल.